मिसळीचें मर्म

कांहीं पदार्थांची कृति ऐकतांना इतकी सोपी वाटते कीं, ती लिहून घेण्याचीहि कोणास गरज भासत नाहीं. मिसळ हा त्यांपैकींच एक पदार्थ होय. मोड आलेल्या मटकीची उसळ, तिच्यावर मूठभर फरसाण, त्यावर झणझणीत कट, चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि सोबत पाव. एवढें सांगितलें कीं कृति संपली. तरीहि घरीं केलेल्या मिसळीविषयीं एक तक्रार पुष्कळ कुटुंबांत ऐकूं येते. सर्व जिन्नस चांगले आणले, मसाल्यांत कसूर केली नाहीं, तेलाचा हातहि आंखडता घेतला नाहीं, आणि तरी ताटांत आलें तें एक लगदा झालेलें कालवण. या अपयशाचा दोष कोणी मसाल्याला देतो, कोणी मटकीला, तर कोणी आपल्या हाताला देतो. वास्तविक दोष बहुधा यांपैकीं कशाचाच नसतो. तो असतो वेळेचा आणि क्रमाचा.

गिरगांवांत फणसवाडीच्या नाक्यावरील विनय हेल्थ होम किंवा दादरचें आस्वाद यांसारख्या उपाहारगृहांत मिसळ खाणारांची नेहमींच गर्दी असते. आस्वादच्या मिसळीला तर सन २०१५ मध्यें लंडन येथें फूडी हब या संस्थेच्या पारितोषिकांत जगांतील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला. मिसळीच्या कोणत्याहि चांगल्या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्याकडे लक्ष देऊन पाहिल्यास एक गोष्ट ध्यानांत येते. तेथें मिसळ नांवाचा पदार्थ तयार करून ठेवलेला कोठेंच नसतो. एका पातेल्यांत उसळ असते. दुसऱ्या पातेल्यांत मंद आंचेवर कट उकळत असतो. फरसाण घट्ट झांकणाच्या कोरड्या डब्यांत असतें. कांदा वेगळा, कोथिंबीर वेगळी. गिऱ्हाइकानें मागणी केल्यावर, आणि ती केल्यावरच, हीं सर्व मंडळी एका ताटलीत एकत्र येतात. म्हणजे मिसळ ही चुलीवर होत नाहीं, ती ताटलींत होते. मिसळण्याच्या क्रियेवरून जिला नांव मिळालें, ती शेवटच्या घटकेपर्यंत न मिसळलेलीच ठेवावी लागते, हें तिचें मर्म आहे.

मसालेदार शिजलेला पदार्थ आणि कुरकुरीत तळलेला पदार्थ यांची ऐन वेळीं गांठ घालण्याची ही युक्ति केवळ महाराष्ट्रालाच सुचली असें नाहीं. अमेरिकेंतील टेक्सस संस्थानांत चिली या नांवाचें सुक्या मिरच्यांचें आणि गोमांसाचें एक कालवण प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सॅन अँटोनिओ शहराच्या चौकांतून मेक्सिकन वंशाच्या स्त्रिया रात्रीच्या वेळीं कंदिलांच्या उजेडांत तें विकीत असत. लोक त्यांना चिलीच्या राण्या म्हणत. त्याच शहरांत सन १९३२ मध्यें चार्ल्स एल्मर डूलिन या गृहस्थानें आपल्या आईच्या स्वयंपाकघरांत मक्याच्या पिठाच्या तळलेल्या पट्ट्या करण्यास आरंभ केला आणि त्यांस फ्रिटोस हें नांव दिलें. पुढें या पट्ट्यांवर ऊन ऊन चिली, किसलेलें चीज आणि कच्चा कांदा घालून खाण्याची चाल पडली. पट्ट्यांची पुडीच एका बाजूनें फाडून तींत चिलीचा डाव ओतावयाचा आणि चमच्यानें खावयाचें, हा प्रकार तिकडील शाळांच्या क्रीडांगणांवर आजहि दिसतो. पुडी फाडली कीं लगेच खाणें भाग असतें. थोडा वेळ गेला तर पट्ट्या मऊ पडतात. आमच्याकडील फरसाणाचा आणि तिकडील मक्याच्या पट्ट्यांचा धर्म एकच आहे. शिवाय ज्या मिरचीवांचून आज मिसळीची कल्पनाहि करवत नाहीं, ती मिरची त्याच खंडांतून सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून या किनाऱ्यावर उतरली, हें या नात्यांतील आणखी एक सूत्र आहे.

परळ, लालबाग या भागांत या पदार्थाचें मोल निराळ्याच कारणानें आहे. मुंबईची पहिली कापडगिरणी काढण्याचा उपक्रम कावसजी नानाभाई दावर यांनीं सन १८५४ मध्यें केला आणि त्यानंतरच्या शतकांत हा सारा मुलूख गिरणगांव म्हणून ओळखला जाऊं लागला. कोंकणांतून आणि घाटावरून आलेले कामकरी दहा बाय बाराच्या खोल्यांतून दाटीनें राहात. गिरण्या पाळ्यांनीं चालत. एकाच खोलींतला एक जण कामावर निघे तेव्हां दुसरा परत येऊन अंग टाकी. अशा घरांत सर्वांनीं एकत्र बसून जेवावयाचें हा प्रसंग सणावारींच यावयाचा. एरव्हीं चूल पेटे एकदां किंवा दोनदां, आणि जेवणारे येत चार निरनिराळ्या वेळीं. गांवीं कुटुंब ठेवून आलेल्या हजारों पुरुषांचें पोट तर खानावळ चालविणाऱ्या स्त्रियांच्या हातावर अवलंबून होतें. या स्त्रियांना सावकारी व्याजांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं सन १९७५ मध्यें अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. पुढें १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणीकामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक मुके होत गेले, तेव्हांहि अनेक घरांत बाईनें पोळीभाजी करून, डबे देऊन संसार सावरला.

ज्या घरांत जेवणारे निरनिराळ्या वेळीं येतात, त्या घराला असा पदार्थ हवा असतो कीं, जो सकाळीं करून ठेवला तरी शेवटीं येणाऱ्याच्या ताटांत शिळा वाटूं नये. मिसळ ही कसोटी उतरते, पण तिचे भाग वेगळे ठेवले तरच. गिरण्यांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि दादर-गिरगांवांतील सुशिक्षित कुटुंबांतहि पाळ्या आहेतच. कोणी सकाळच्या गाडीनें कचेरीस जातो, कोणी रात्रीं दहा वाजतां परततो, मुलांच्या शिकवण्या संध्याकाळीं असतात. तेव्हां उशिरां येणाऱ्या माणसासाठीं काय वाढून ठेवावें, हा प्रश्न जुना झालेला नाहीं. या दृष्टीनें आतां मिसळीच्या एकेका अंगाचा विचार करावा.

प्रथम मटकी. हें कडधान्य मूळचें याच देशांतलें. पाऊस कमी आणि जमीन हलकी असली तरी तें तग धरतें. शंभर ग्रॅम कोरड्या मटकींत सुमारें २३ ग्रॅम प्रथिनें असतात. चारपांच माणसांस एक मोठी वाटी, म्हणजे सुमारें २०० ग्रॅम मटकी पुरते. ती निवडून, दोनतीन पाण्यांनीं धुऊन, चौपट पाण्यांत आठ ते दहा तास भिजत घालावी. नंतर पाणी पूर्ण निथळून ओलसर फडक्यांत सैलसर बांधावी आणि हवा लागेल अशा जागीं टांगून ठेवावी. मुंबईच्या उन्हाळ्यांत दहाबारा तासांत मोड येतात. डिसेंबरांत त्याला दिवसभरहि लागतो. मोड नखाएवढे झाले कीं पुरे. फार लांब वाढूं दिल्यास दाण्यांतील सत्त्व मोडांत खर्ची पडतें आणि उसळीला गवताचा वास येतो.

मोड आणण्यामागें केवळ चव आहे असें नव्हे. दाणा रुजूं लागला कीं त्यांतील सुप्त पाचक द्रव्यें जागीं होतात. पोटांत वायु धरणाऱ्या विशिष्ट शर्करांचें प्रमाण त्यामुळें घटतें. लोह आणि जस्त यांना जखडून ठेवणारें फायटिक आम्ल कमी होतें, आणि कोरड्या दाण्यांत जवळजवळ नसलेलें क जीवनसत्त्व उत्पन्न होतें. मात्र जी ऊब आणि जो ओलावा मोडाला मानवतो, तोच रोगजंतूंनाहि मानवतो. यास्तव मोडाला चिकट बुळबुळीतपणा किंवा आंबूस वास आला असेल तर ती मटकी टाकून द्यावी, आणि चांगली मटकीहि कच्ची न वापरतां नीट शिजवूनच वापरावी. लहान मुलें, वृद्ध आणि गरोदर स्त्रिया यांच्या बाबतींत ही दक्षता विशेष पाळावी.

उसळ साधी असावी. दोन चमचे तेलांत मोहरी, हिंग, हळद आणि कढीलिंबाची फोडणी करून तींत मटकी परतावी, ती जेमतेम बुडेल इतकें गरम पाणी घालावें, मीठ घालावें आणि झांकण ठेवून मध्यम आंचेवर पंधरा मिनिटें शिजूं द्यावी. दाणा बोटांत दाबला असतां सहज चेपला जावा, पण पातेल्यांत मात्र अखंड दिसावा, ही तिची परीक्षा. वेळ वांचविण्यासाठीं दाबाच्या भांड्यांत तीनचार शिट्या दिल्यास दाणे फुटतात, त्यांचें पीठ कटांत उतरतें आणि सगळ्याचें पिठलें होतें. मिसळ लगदा होण्याचें हें पहिलें कारण. शिजल्यावर उरलेलें पाणी फेंकूं नये. तें कटांत घालावें. दाण्यांतून सुटलेलें सत्त्व आणि चव त्यांत असते.

दुसरें अंग कटाचें. येथें लालबागचा उल्लेख केल्यावांचून गत्यंतर नाहीं. उन्हाळा लागला कीं तेथील मसाल्याच्या बाजारांत मिरच्यांचे ढीग पडतात. गृहिणी धने, खसखस, तमालपत्र, दगडफूल वगैरे जिन्नस पारखून घेतात आणि तेथल्याच डंकावर आपल्यासमोर वर्षाचा मसाला कुटून नेतात. पावसाळ्याची हवा लागण्यापूर्वीं मसाला बरणींत जावा, असा त्यामागें हिशेब असतो. मिरच्याहि एका जातीच्या घेत नाहींत. कर्नाटकांतील ब्याडगी गांवाच्या नांवानें ओळखली जाणारी सुरकुतलेली मिरची लालभडक रंग देते, पण तिचा तिखटपणा बेताचा असतो. बेळगांव जिल्ह्यांतील संकेश्वराचें नांव लाभलेली मिरची त्याउलट जहाल असते. रंग एकीचा आणि तिखटपणा दुसरीचा, असा मेळ घातला म्हणजे कट दिसावयास लाल होतो आणि जिभेस सोसवतोहि. नुसता लाल रंग पाहून बाजारी तिखट घेणें मात्र धोक्याचें. त्यांत अखाद्य रंगांची भेसळ झाल्याचे प्रकार अनेकदां उघडकीस आले आहेत.

कटासाठीं दोन कांदे उभे चिरून आणि अर्धी वाटी सुकें खोबरें किसून, दोन्हीं वेगवेगळीं तांबूस होईपर्यंत भाजावीं. त्यांत आठदहा लसणीच्या पाकळ्या, पेराएवढें आलें आणि मूठभर कोथिंबीर घालून अगदीं बारीक वाटावें. पातेल्यांत चार मोठे चमचे तेल तापवून हें वाटण मंद आंचेवर परतावें. घाई करूं नये. वाटणांतील पाणी आटून कडेनें तेल सुटूं लागेपर्यंत दहाबारा मिनिटें लागतात, आणि तोंवर परतत राहाणें हाच कटाचा पाया आहे. मग आंच अगदीं कमी करून दोन चमचे तिखट आणि दोन चमचे घरचा मसाला घालावा. अर्धें मिनिट परतून लगेच उसळीचें पाणी आणि पांचसहा वाट्या कढत पाणी ओतावें. तिखट तेलांत करपलें तर रंग काळसर होतो आणि चव कडवट होते. तें मग कशानेंहि सुधारत नाहीं. मीठ व दोनतीन आमसुलें घालून कट दहा मिनिटें उकळावा आणि झांकून ठेवावा. थोड्या वेळानें वर तांबडा तवंग येतो. तीच तर्री.

हा तवंग वरच कां तरंगतो, याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. मिरचीचा लाल रंग आणि तिचा तिखटपणा या दोन्हीं गोष्टी तेलांत विरघळतात, पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहींत. म्हणून मिरचीचा सगळा कस तेलांत गोळा होतो आणि पाण्याहून हलकें असें तें तेल वर येतें. तिखटपणाला कारण होणाऱ्या द्रव्यास कॅप्सेसिन म्हणतात. हें द्रव्य जिभेवरील ज्या संवेदकाला चेतवितें, त्याच संवेदकाला चटका बसेल अशी उष्णताहि चेतविते. म्हणूनच तिखट खाल्ल्यावर तोंड भाजल्यासारखें वाटतें. याचा शोध डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञानें लावला आणि स्पर्श व उष्णता यांच्या संवेदनांवरील संशोधनाबद्दल सन २०२१ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यास आर्डेम पातापूतियान यांच्यासमवेत मिळालें. यावरून व्यवहारांत दोन गोष्टी निघतात. तोंड पोळल्यास पाण्याचा पेला उपयोगी पडत नाहीं. दूध, दहीं किंवा ताक घ्यावें, कारण दुधांतील प्रथिनें त्या द्रव्यास धरून नेतात. आणि एकाच पातेल्यांतून घरांतील सर्वांस वाढावयाचें असेल, तर वेगवेगळे कट करण्याची जरूर नाहीं. मुलांना आणि आजोबांना तवंग बाजूस सारून खालचा रस्सा द्यावा, आणि ज्याला डोळ्यांतून पाणी काढावयाचें आहे त्याच्या ताटलींत तर्रीची पळी ओतावी.

तिसरें अंग फरसाणाचें. लालबागच्या चिवडा गल्लींत शेव, गांठी, पापडी, भाजक्या पोह्यांचा आणि मक्याचा चिवडा असे नाना प्रकार ढिगांनीं रचलेले असतात. मिसळीसाठीं जाड शेव आणि गांठी यांचा भाग अधिक असावा. बारीक शेव कट पडतांच विरते. गोड शेंगदाणे-बेदाणे असलेला चिवडा टाळावा. मक्याचा चिवडा घातल्यास टेक्ससच्या त्या पदार्थाची थोडीफार ओळखहि घरबसल्या होते.

तळलेला जिन्नस कुरकुरीत कां लागतो, तर तळतांना त्यांतील पाणी जवळजवळ सारें निघून गेलेलें असतें आणि पिठाचा सांगाडा कांचेसारखा ताठ व ठिसूळ झालेला असतो. दांताखालीं तो एकदम तुटतो. त्या तुटण्याचा आवाज आणि धक्का म्हणजेच कुरकुरीतपणा. या सांगाड्यांत पाणी शिरलें कीं तो लवचीक होतो आणि मग तुटण्याऐवजीं वांकतो. पाणी जितकें गरम, तितकें तें लवकर शिरतें. यावरून कढत कट ओतल्यानंतर फरसाणास किती आयुष्य उरतें, याचा अंदाज येईल. तें मिनिटांतच मोजावें लागतें. पावसाळ्यांत तर हवेंतील ओलावाच फरसाण मऊ करण्यास पुरतो, म्हणून पुडी फोडल्यावर उरलेलें फरसाण लगेच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावें. मऊ पडलेलें फरसाण कोरड्या कढईंत मंद आंचेवर दोनतीन मिनिटें हलविल्यास पुन्हां कुरकुरीत होतें. पण त्याला खवट वास येत असेल तर हा उपाय निरुपयोगी आहे, कारण तेथें बिघाड पाण्याचा नसून तेलाचा आहे.

पावाविषयीं थोडक्यांत सांगितलें तरी चालेल. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आणि मुंबईस पावाची गोडी लावण्यांत गोंवेकर भट्टीवाल्यांचा वांटा मोठा. कोल्हापुरांत आणि पुण्याच्या कांहीं जुन्या उपाहारगृहांत मिसळीबरोबर पावाच्या कापट्या देतात; मुंबईंत मात्र लादीपाव हवा. तो लोण्यांत भाजण्याची जरूर नाहीं. ताजा, मऊ आणि किंचित गोडसर पाव कट शोषून घेतो आणि जिभेची आगहि शमवितो. शिवाय कडधान्यांत जें लायसिन नांवाचें आवश्यक द्रव्य विपुल असतें तें गव्हांत थोडें असतें, आणि गव्हांत असलेलें मेथिओनिन कडधान्यांत कमी असतें. त्यामुळें उसळ आणि पाव हीं एकमेकांची उणीव भरून काढतात.

आतां वाढणी. खोलगट ताटलींत प्रथम उसळीचे दोन डाव घालावे. आवडत असल्यास उकडलेल्या बटाट्याच्या फोडी किंवा थोडे कांदेपोहे घालावे. पुण्याकडे तशी चाल आहे. खाणारा पाटावर किंवा खुर्चीवर बसल्यानंतरच फरसाण घालावें. त्यावर उकळता कट एका बाजूनें ओतावा, म्हणजे दुसऱ्या बाजूचें फरसाण कोरडें राहातें आणि एकाच घासांत मऊ व कुरकुरीत दोन्हीं सांपडतात. शेवटीं कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. कटाची वाटी आणि फरसाणाचा डबा जवळच ठेवावा, कारण मिसळ एकदां वाढून भागत नाहीं. कट संपला कीं कट आणि फरसाण संपलें कीं फरसाण घेत ती पुढें चालते. पुण्यांत या जादा कटाला सँपल म्हणतात.

ताटलींत प्रमाण कसें असावें, यालाहि महत्त्व आहे. अलीकडे बऱ्याच ठिकाणीं मिसळ म्हणून जें मिळतें, त्यांत फरसाणाचा डोंगर, तेलाचें तळें आणि तळाशीं शोधून काढावी लागणारी मटकी असते. तिखटाच्या पैजा लावल्या जातात आणि घाम फुटणें हीच चवीची खूण समजली जाते. पैसा मात्र त्यांत वाया जातो, आणि पोटहि भरत नाहीं. पोषण उसळींत आहे. फरसाण तिचें अलंकरण आहे. उसळ दोन वाट्या, फरसाण अर्धी वाटी, हें प्रमाण धरल्यास थोडक्या खर्चांत एका माणसाचें पुरें जेवण होतें. फरसाणांत मीठ असतेंच, हें लक्षांत ठेवून उसळ आणि कट दोन्हीं किंचित अळणी ठेवावे. रक्तदाबाचा विकार असलेल्या माणसानें फरसाण मुठीऐवजीं चिमटीनें घ्यावें आणि कुरकुरीतपणासाठीं बिनमिठाचे भाजके पोहे किंवा भाजके शेंगदाणे घालावे. मिसळीचा आनंद त्यानें कमी होत नाहीं, कारण तो आनंद तळण्यांत नसून मऊ आणि कुरकुरीत यांच्या भेटींत आहे.

राहिलेलें अन्न ठेवण्याचा प्रश्न भाग वेगळे असल्यानें आपोआप सुटतो. उसळ व कट झांकून शीतकपाटांत ठेवल्यास दोन दिवस चांगले राहातात. कट तर दुसऱ्या दिवशीं अधिकच मुरतो. उन्हाळ्यांत मात्र हे दोन्हीं पदार्थ दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवूं नयेत, आणि परत घेतांना नुसते कोमट न करतां खळखळून उकळावे. सर्व एकत्र कालवून ठेवलेल्या मिसळीचें दुसऱ्या दिवशीं कांहींच करतां येत नाहीं.

रात्रीं दहा वाजतां कोणी थकून घरीं येतो. घरांतील इतरांचीं जेवणें केव्हांच आटोपलेलीं असतात. अशा वेळीं झांकून ठेवलेलें गार ताट पुढें सरकविलें तर पोट भरतें खरें, पण आपण उशिरां आलों ही गोष्ट त्या ताटाकडे पाहूनच कळते. त्याऐवजीं कट गॅसवर चढवावा, उसळ ऊन करावी, डब्याचें झांकण उघडून मूठभर फरसाण घालावें आणि ताजा कांदा चिरावा. यास पांच मिनिटें पुरतात. जी मिसळ पहिल्या येणाऱ्यास मिळाली, तीच, तितकीच ऊन आणि तितकीच कुरकुरीत, शेवटीं येणाऱ्यासहि मिळते. गिरणगांवांतील दहा बाय बाराच्या खोलींत दुसऱ्या पाळीहून परतलेल्या माणसाला जें समाधान हवें होतें, तें हेंच. त्यासाठीं गृहिणीला दोनदां स्वयंपाक करावा लागत नाहीं. उसळ, कट आणि फरसाण खाणारा येईपर्यंत एकमेकांपासून दूर ठेवले, म्हणजे झालें.